दोन पट्टे, एक जिना

मी थकलो आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढे कुठे हसू कमी पडलं, तर दोष माझ्या कमरेला द्यावा.

सगळं सुरू झालं एका लहानशा निर्णयानं. हालचाल टिपणारा सेन्सर मनगटाऐवजी कमरेला बांधायचा, एवढाच तो निर्णय. जगात यापेक्षा मोठमोठे निर्णय रोज होतात आणि कुणाचंही काही बिघडत नाही. माझ्या निर्णयाची मात्र आधी आईच्या कात्रीशी, मग बाबांच्या पाठीशी आणि शेवटी माझ्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीशी अशी क्रमाक्रमानं गाठ पडली.

आधी आम्ही काय करतो ते सांगायला हवं. मी दूर देशी दोन वर्षं एक कला शिकून आलो. तिचं नाव सांगितलं की नातेवाईक माना डोलावतात आणि मग विचारतात, "बरं, पण करतोस काय?" त्यांच्यासाठी मी एक सोपं उत्तर बसवलं आहे. आम्ही तिघं आहोत. माझी बायको आवाज लावते, माझा मित्र हालचाल करतो (त्याला आम्ही स्प्रिंग म्हणतो, कारण तो सरळ उभा राहिलेला कुणी पाहिलेला नाही) आणि मी वायरी लावतो. मागे पडद्यावर एक फिल्म चालते. हे ऐकून मावशीनं विचारलं होतं, "हो, पण मग कार्यक्रम कधी सुरू होतो?"

परत आलो तेव्हा माझी छाती भरून आलेली होती. इथल्या लोकांना आपण नवं काहीतरी दाखवायचं, शरीर, सूर, वीज आणि प्रकाश यांच्यातली भिंत पाडायची! प्रत्यक्षात आम्ही आईबाबांच्या बैठकीच्या खोलीत, सोफा भिंतीला लावून सराव करत होतो, आणि शेजारच्या बाईंनी भिंत पडू नये म्हणून दोनदा आमची तक्रार केली होती.

बाबा वजनमाप निरीक्षक होते. छत्तीस वर्षं दुकानोदुकानी फिरून त्यांनी तराजू तपासले. वीस-वीस किलोची प्रमाण वजनं पिशवीतून वाहून त्यांची कंबर गेली, पण नजर गेली नाही. आमच्या घरात 'थोडंसं', 'जवळपास', 'अंदाजे' हे शब्द कुणी वापरत नाही. आई भाजी निवडतानाही आधी वजन सांगते.

अशा माणसाशी मी एक करार करून बसलो होतो. गावातल्या सभागृहाची वरच्या मजल्यावरची खोली एका संस्थेला वर्षभर सरावासाठी मिळणार होती. सभागृहाच्या संचालिका आमचा प्रयोग पाहून ठरवणार होत्या. दुसरीकडे बाबांच्या जुन्या ओळखीनं ट्रक तोलणाऱ्या मोठ्या काट्यांच्या कंपनीत माझ्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवलेली होती.

"खोली तुला मिळाली, तर वर्षभर मी नोकरीचं नाव काढणार नाही," बाबा म्हणाले. "नाही मिळाली, तर पहिल्या तारखेला सकाळी नऊ वाजता काट्यावर."

"कबूल. पण माझीही एक अट आहे. तुम्ही प्रयोग शेवटपर्यंत बसून पाहायचा."

बाबांनी कंबरदुखीचा पट्टा सारखा केला. मागच्या वेळी ते सहाव्या मिनिटाला उठून गेले होते. नंतर म्हणाले होते की कंबर धरली. (कंबर खरंच धरते त्यांची. पण आईबरोबर सिनेमाला गेले की धरत नाही.)

"किती वेळ आहे?"

"पंचेचाळीस मिनिटं."

"बरोबर पंचेचाळीस?"

हे नक्की सांगणं अवघड होतं. कारण आमच्या प्रयोगाची लांबी घड्याळावर नव्हती, जिन्यावर होती.

फिल्म मीच काढली होती. परदेशात मी जिथे राहायचो त्या इमारतीचा जिना. बावन्न पायऱ्या. पडद्यावर फक्त दोन पाय दिसतात, माझेच. वर एक दार आहे. ते उघडलं की प्रयोग संपतो. पाय चढवायचे स्प्रिंगनं, आपल्या शरीरानं. तो एकदा पुढे वाकला की पाय चार पायऱ्या चढतात. मागे रेलला की चार उतरतात. डावीकडे वळला की स्पीकरमधून खर्जातला घुमार येतो, उजवीकडे वळला की शिट्टीसारखा बारीक सूर. अंगाला एकदम झटका बसला की धडाका होतो. बायको त्या सुरांवर आपला आवाज लावते. शब्द नाहीत, नुसते स्वर. माणूस वर जायला धडपडतो आणि पुन्हापुन्हा खाली येतो, असा सगळा अर्थ. (समीक्षक आले असते तर मी त्यांना हे सांगितलं असतं. कुणी आले नाहीत.)

"आणि सेन्सरनं दगा दिला तर?" बायकोनं विचारलं होतं. "अरे, एक बटण ठेव ना लॅपटॉपवर. दाबलं की पाय चढतील."

"बटण म्हणजे अविश्वास," मी म्हणालो. "शरीर खोटं बोलत नाही. मधे बटण आलं की सगळा प्रयोगच फसवणूक होतो."

"हे तुला तिकडे शिकवलं?"

"हो."

"फी परत मागता येईल का रे?"

तर सेन्सर. तो आधी स्प्रिंगच्या मनगटाला बांधायचो, पण तो हात इतके फिरवायचा की बॅटरीची वायर तुटायची. म्हणून कमरेला बांधायचं ठरलं. चांगला रुंद, घट्ट बसणारा पट्टा हवा होता. मी इकडेतिकडे पाहिलं आणि बाबांच्या कमरेवर नजर थांबली. काळा, लवचीक, चर्रकन उघडणाऱ्या वेल्क्रोचा. औषधाच्या दुकानातून मी तस्साच दुसरा आणला. आईनं काडेपेटीएवढा बिनतारी सेन्सर त्याच्या अस्तरात शिवून दिला.

"आणि हा कुठला, तो कुठला, कळायचं कसं?" आईनं विचारलं.

"आहे युक्ती." मी सेन्सरच्या पट्ट्याला एक लाल दोरा बांधला. दूर देशी शिकलेला माणूस असं बारीक बारीक सगळं आधीच ठरवून ठेवतो.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी शेवटचा सराव झाला. स्प्रिंगनं घामेजलेला पट्टा काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. तेवढ्यात बाबा पाठ टेकायला आले, त्यांनीही आपला पट्टा काढून त्याच खुर्चीवर टाकला. पाच वाजता निघायची गडबड सुरू झाली. मी सेन्सर चालू करून ठेवलेलाच होता. पट्टे उचलले आणि पाहतो तर लाल दोरा एकालाही नाही.

"आई, लाल दोरा कुठाय?"

"लोंबत होता तो? कापून टाकला. चारचौघांत जायचं आणि कपड्याला दोरे लोंबतायत, बरं दिसतं का?"

मी अस्तर चाचपलं. बाबांच्या पट्ट्यात आधाराच्या पट्ट्या होत्या, सेन्सरच्या पट्ट्यातही होत्या. आईनं सेन्सर इतका बेमालूम बसवला होता की दोन्हीकडे हाताला सारखंच टणक लागत होतं. आई शिवते ते उसवावं लागतं, नुसतं सापडत नाही.

या ठिकाणी एखाद्या साध्या माणसानं लॅपटॉप उघडला असता आणि पट्टा हलवून पाहिला असता. पण लॅपटॉप आधीच टेंपोत गेला होता. स्वयंपाकघरात बाबांचा काटा होता, ग्रॅमपर्यंत दाखवणारा. पण मी वजनमाप निरीक्षकाचा मुलगा. मी एक पट्टा उजव्या हातात घेतला, एक डाव्या. डोळे मिटले. ज्यात सेन्सर तो जड, हे तर शेंबडं पोरही सांगेल.

"हा," मी म्हणालो आणि जड पट्टा स्प्रिंगला दिला, दुसरा बाबांना.

(बाबांच्या पट्ट्यातल्या आधाराच्या पट्ट्या लोखंडी होत्या. मी आणलेल्या पट्ट्यातल्या प्लॅस्टिकच्या. हे मला नंतर बाबांनी सांगितलं, ग्रॅमसकट.)

सभागृहात पोचलो. चाळीसेक खुर्च्या होत्या. आईबाबा आमच्याबरोबरच आले होते, कारण टेंपोत पुढे जागा होती. मी टेबल मांडलं, केबली जोडल्या, आणि ओरडलो, "स्प्रिंग, एकदा पुढे वाक!"

स्प्रिंग वाकला. त्याच क्षणी दुसऱ्या रांगेत बाबा खुर्चीवरची धूळ झटकायला वाकले. पडद्यावरचे पाय चार पायऱ्या चढले.

मी अंगठा दाखवला. "सुंदर!"

"बसू का मी आता?" बाबांनी विचारलं.

"बसा, बसा."

ते बसून मागे रेलले. पाय चार पायऱ्या उतरले. मला वाटलं, स्प्रिंगनंच केलं. काय सहजता, मी मनात म्हणालो.

सहा वाजता दिवे मालवले. पहिल्या रांगेत संचालिका बसल्या होत्या, मांडीवर वही, हातात पेन्सिल. मी काळे कपडे घालून टेबलामागे अंधारात होतो. बायकोनं लांब 'आ' लावला. स्प्रिंग रंगमंचाच्या मध्यभागी आला, आणि त्यानं सबंध शरीर ओंजळीसारखं पुढे ओतलं.

पडद्यावरचे पाय पहिल्या पायरीखाली उभे.

स्प्रिंग पुन्हा वाकला. पाय उभे. तो लोळला, उडाला, गिरकी घेतली. पाय बस चुकलेल्या माणसासारखे उभे.

मग एकदम चार पायऱ्या चढले. मग चार उतरले. मग परत चढले. मग उतरले.

आता मला कळतं की बाबांना बसायला नीट जमत नव्हतं. पण तेव्हा मी भारावून पाहत होतो. मला वाटलं, स्प्रिंगनं आज नवीनच अर्थ काढलाय! शरीराची एवढी तळमळ, आणि पायांना तिचा पत्ताच नाही! काय विरोधाभास! दहा मिनिटं हे चाललं. संचालिकांची पेन्सिल वहीवर टेकून तशीच राहिली होती. मागच्या रांगेतून दोन माणसं वाकून, दबकत बाहेर गेली. (वाकून म्हणजे अगदी उगाच. त्यांच्या वाकण्यानं पाय थोडेच चढणार होते.)

तेवढ्यात बाबा शिंकले.

बाबांची शिंक ही आमच्या घराण्याची शिंक आहे, तिला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो. स्पीकरमधून असा धडाका झाला की पहिल्या रांगेनं कानावर हात ठेवले. आईच्या हातातलं चष्म्याचं घर खाली पडलं. बाबा ते उचलायला वाकले. पाय चार पायऱ्या चढले.

मी बाबांकडे पाहिलं. पडद्याकडे पाहिलं. स्प्रिंगच्या कमरेकडे पाहिलं. बाबा ताठ झाले, मागे रेलले. पाय चार पायऱ्या उतरले.

डोळ्यांपुढे खोली नाही आली, काटा आला. त्यावर चढणारे ट्रक आले. आणि खुर्चीत बसून आकडे वाचणारा मी आलो. मी लॅपटॉपवर हात ठेवला आणि आठवलं, की बटण नाही. बटण म्हणजे अविश्वास.

बायको माझ्याकडे बघत होती, 'आ' चालूच होता. मी अंधारातून हातवारे केले. कमरेला हात लावला, बाबांकडे बोट दाखवलं, मग दोन्ही हातांनी अदलाबदल करून दाखवली. तिचा 'आ' एका जागी किंचित थबकला. मग तिनं डोळे मिटले. लग्नानंतर मी ते डोळे अशा तऱ्हेनं मिटलेले बरेचदा पाहिले आहेत.

पण बाबांना मदत लागलीच नाही. छत्तीस वर्षं ज्या माणसानं काट्याच्या काट्यावर नजर ठेवली, त्याला आपण हललो की पडदा हलतो हे किती वेळ लपणार? त्यांनी आधी फक्त डावा खांदा वळवला. घुमार. थांबले. उजवा वळवला. शिट्टी. थांबले. पुन्हा डावा. पुन्हा घुमार. दुकानदारासमोर एकच वजन तीनदा ठेवून पाहावं, तसं.

"अगं," ते आईला म्हणाले. सभागृहात इतकी शांतता होती की कुजबुजही शेवटच्या रांगेपर्यंत गेली. "हे माझ्यामुळे वाजतंय."

"काहीतरीच!"

"हे बघ." शिट्टी.

"अगं बाई! परत करा."

शिट्टी.

मागे कुणीतरी खुदकन हसलं. संचालिका वळून पाहू लागल्या. स्प्रिंग रंगमंचावर अर्ध्या गिरकीत थिजला होता. त्यानं आपल्या पट्ट्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ उभा राहिला.

आणि माझ्या बायकोनं शब्द न वापरण्याचा आमचा दोन वर्षांचा नियम मोडला. तिनं तोच सूर धरला आणि त्यावर एक शब्द ताणला, "पु... ढे... ए... ए..."

बाबा तसेच बसून.

"अहो, तुम्हाला म्हणतेय ती," आई म्हणाली. "पुढे वाका."

"ऐकू येतंय मला. कंबर धरते."

"मग उभे राहा आणि वाका."

बाबा खुर्चीच्या हाताला धरून उठले. वाकले. चार पायऱ्या. सरळ झाले. त्यांनी हिशेब केलेला मला तिथून दिसला. ओठ हलले त्यांचे.

"कुठे आहेस रे?" त्यांनी अंधारात विचारलं.

वायरी लावणाऱ्यानं प्रयोगात बोलायचं नसतं, असं मला शिकवलं होतं. "इथे," मी म्हणालो.

"किती पायऱ्या आहेत?"

"बावन्न."

"वर काय आहे?"

"दार. ते उघडलं की संपलं."

"आधी सांगायचं ना." ते कोटाचं बटण लावत म्हणाले. "चार झाल्या. राहिल्या अठ्ठेचाळीस. म्हणजे अजून बारा वेळा."

हे ऐकून मला एक गोष्ट उमगली, आणि थकल्या मनालाही ती जरा झोंबली. आमच्या प्रयोगाचा शेवट व्हावा असं मनापासून वाटणारा त्या सभागृहात एकच माणूस होता.

बाबा वाकले. स्प्रिंग रंगमंचावरून खाली उतरला, त्यांच्या शेजारी उभा राहिला, आणि त्यांनी जसं केलं तसंच करू लागला. बाबांचं वाकणं म्हणजे आधी हात गुडघ्याला, मग 'हं' असा एक हुंकार, मग पाठ. स्प्रिंगनं हुंकारासकट सगळं उचललं. बायकोनं तो हुंकार सुरात घेतला. वाकणं, हुंकार, चार पायऱ्या. तिसऱ्यांदा कुणीतरी मोजायला लागलं. सहाव्यांदा अख्खं सभागृह मोजत होतं. मी दोन वर्षं शिकलो, पण माझ्या प्रयोगात कुणी मोठ्यानं काही मोजलेलं मला माहीत नव्हतं. फार तर मिनिटं मोजत असतील, मनातल्या मनात.

"दहा!"

बाबांचा चेहरा लाल झाला होता. आई म्हणाली, "पुरे करा आता. त्याला सांगू दे काय ते."

"गप्प बस. माप अर्धवट सोडत नाहीत."

"अकरा!" सभागृह म्हणालं, आणि बाबा वाकले ते तसेच राहिले.

कंबर धरली होती. या वेळी खरंच. ते वाकलेल्या अवस्थेतच म्हणाले, "अडकलो."

शेवटच्या चार पायऱ्या उरल्या होत्या. दार पडद्यावर इतकं जवळ होतं की त्याचा उडालेला रंग दिसत होता. मी टेबल सोडून धावलो, एका केबलीत अडखळलो, उठलो. स्प्रिंगनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या.

"हळू," स्प्रिंग म्हणाला. "काका, मागे नका रेलू हं. परत उतराल."

"मला कळतं ते," बाबा दातओठ खात म्हणाले. "शून्यावर आणून थांबवा. बरोबर शून्यावर."

आम्ही त्यांना इंचाइंचानं वर आणलं. आणून थांबवलं. बाबांनी डोळे मिटून एक श्वास घेतला. माझा हात झटकला. आणि एकट्यानं बाराव्यांदा वाकले.

पाय चढले. दार उघडलं.

आत माझी खोली होती. ती फिल्ममध्ये मी शेवटी दहाच सेकंद ठेवली होती, प्रतीक म्हणून. जमिनीवर एक गादी. भिंतीला टेकवलेली बॅग. खिळ्याला अडकवलेला शर्ट. गरम पाण्याची किटली. पाय टेकायलाही जागा नव्हती, म्हणून कॅमेरा दारातच उभा होता.

मी तिकडून फोन करायचो तेव्हा नेहमी सांगायचो, मोठी आहे खोली, हवेशीर आहे.

बाबा पडद्याकडे बघत राहिले. लोक टाळ्या वाजवायच्या बेतात होते, पण त्यांच्याकडे पाहून थांबले.

"इथे राहायचास?" ते म्हणाले.

"हो."

"दोन वर्षं?"

"हो."

"खिडकी नव्हती?"

"होती. उजवीकडे. फिल्ममध्ये आली नाही."

बाबा उजवीकडे वळून पाहू लागले, जणू पडद्याच्या पलीकडे ती दिसेल. स्पीकरमधून बारीक, लांब शिट्टी निघाली आणि विरली. मग दिवे लागले, आणि टाळ्यांनी ते एवढंसं सभागृह दणाणलं. आई डोळे पुसत होती. तिनं चष्म्याचं घर तोवर दोनदा पाडलं होतं.

माझा प्रयोग बाबांनी पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिला. (पाहिला म्हणजे, केला.)

मी केबली गुंडाळत होतो तेव्हा संचालिका थेट बाबांकडे गेल्या.

"अप्रतिम! प्रेक्षकांत बसून सुरुवात करायची कल्पना कुणाची?"

"कल्पना कसली, जागा तिथे होती," बाबा म्हणाले.

"किती वर्षं करताय तुम्ही हे?"

"छत्तीस. गावोगाव फिरून."

"छत्तीस! आणि आम्हाला पत्ताच नाही! ती हालचालीतली अचूकता..."

"अचूकता हाच विषय होता आमचा." बाबा खूश झाले होते. "एक सांगू का? त्या यंत्रात उजवीकडे थोडी त्रुटी आहे. वळल्यावर सूर अर्ध्या सेकंदानं येतो. डावीकडे बरोबर आहे."

"पाहा!" संचालिका माझ्या बायकोला म्हणाल्या. "आपल्याच कामाबद्दल इतकी कठोर नजर! तुम्हा तिघांचं नातं किती सहज आहे. आवाज, शरीर आणि अनुभव." मग त्या माझ्याकडे वळल्या. मी अत्यंत नम्रपणे उभा राहिलो. "तुम्ही ते स्पीकर जरा लवकर हलवाल का? आठला दुसऱ्यांची बैठक आहे. आणि पडद्यासमोर मधेच धावत जाऊ नका हो. एवढ्या चांगल्या क्षणी केबलीत पाय अडकून पडलात."

बायकोनं तोंड उघडलं. मी मानेनं नको म्हणालो. अशा वेळी खुलासा करायचा नसतो, असं तिकडे शिकवलं होतं. कलाकृती स्वतः बोलते.

कलाकृती बोलली. चार दिवसांनी पत्र आलं. वरच्या मजल्यावरची खोली वर्षभरासाठी त्रयीला मंजूर. खाली तीन नावं होती, आणि तीन ओळखपत्रं जोडली होती. आवाज: बायको. हालचाल: स्प्रिंग. ज्येष्ठ कलाकार: बाबा.

मी पत्र बाबांना दिलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"म्हणजे मी जिंकलो," मी म्हणालो. "खोली मिळाली."

"मिळाली. पण कराराचे शब्द काय होते?"

"बाबा..."

"'खोली तुला मिळाली, तर.' यात तू कुठेयस?"

"हा संचालिकाबाईंचा गैरसमज आहे! आपण जाऊन सांगू या ना!"

"सांगितलं," बायको म्हणाली. "मी कालच जाऊन आले. सगळं सांगितलं, पट्टे, दोरा, सगळं. त्या पाच मिनिटं हसल्या. म्हणाल्या, म्हणजे तर आणखीच छान. आणि हे तुझ्यासाठी दिलंय." तिनं चौथं ओळखपत्र माझ्या हातात ठेवलं. त्यावर लिहिलं होतं, 'सामान: आत-बाहेर'.

बाबा वाईट मनाचे नाहीत. ते त्या रात्री माझ्या खोलीत आले, उंबऱ्याशी उभे राहिले, आणि खिडकीकडे बघून म्हणाले, "ही उघडत जा." मग जाताजाता म्हणाले, "नऊला म्हणजे नऊला. पाच मिनिटं आधी पोचावं."

तर आता मी दिवसा काट्यावर बसतो. ट्रक येतो, आकडा येतो, मी लिहितो. संध्याकाळी सभागृहात जातो आणि दोन स्पीकर तीन मजले वर नेतो. लिफ्ट नाही. पायऱ्या बावन्न नाहीत, एकाहत्तर आहेत, आणि वर पोचल्यावर कुणी टाळ्या वाजवत नाही. बायको आणि स्प्रिंग नव्या प्रयोगाची तयारी करतात. बाबा मधोमध खुर्चीत बसून सूचना देतात. ते आता सरावाच्या वहीत 'अंदाजे' हा शब्द दिसला की खोडतात. लॅपटॉपवर एक बटणही आलं आहे, बाबांनी सांगून करवून घेतलं. ते दाबायचं काम बायकोकडे आहे.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावर माझी कंबर धरली. बाबांनी आपला जुना पट्टा मला दिला, लोखंडी पट्ट्यांचा. स्वतः मागे उभे राहून घट्ट बांधून दिला, आणि आईनं त्याला ओळखायला एक लाल दोरा लावला.

मी तो बांधून खोलीभर फिरलो. पुढे वाकलो, मागे रेललो, डावीकडे वळलो, उजवीकडे वळलो.

काहीच वाजलं नाही.